दोन बोटांचं अंतर

"पोरगी दिवसभर वर काय करती ओ मालक?"

आवाज खालून आला. आमच्या शाळेचे सचिव होते. मी त्यांना ओळखते, कारण दहा वर्षं त्यांनी स्नेहसंमेलनात तेच भाषण केलं आणि मी दहा वर्षं ते पहिल्या रांगेत बसून ऐकलं. अप्पा बहुतेक तळहातावर तूर घेऊन बघत होते, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"ठिपके मोजती."

"कशाचे ठिपके?"

"ते तिलाच ठाव."

दोघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मी जिन्याच्या वरच्या टोकाला, आईच्या बंद शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून बसले होते. घरात नेटवर्क फक्त तिथल्या खिडकीत येतं. मुरुम गावात आमचं खाली भुसाराचं दुकान आणि वर घर, आणि मधला जिना उघडा. त्यामुळे दुकानातलं बोलणं आणि पोत्यांची धूळ दोन्ही वर येतात, आणि वरचा शब्दही तसाच खाली जातो. म्हणूनच पुण्याच्या गटाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी कधी बोलत नसे. टाइप करायचे.

सचिव मग मुद्द्यावर आले. विज्ञानाच्या मॅडम सोडून चालल्यात, जूनपासून जागा रिकामी होतेय, पोरगी आपल्याच शाळेची, इंग्रजी चांगलं, घरापासून चालत पाच मिनिटं. बाहेरून माणूस आणायचा तर तो दोन वर्षांत पळतो.

अप्पांनी सरळ सांगितलं, "तिचा एक शोधनिबंध चाललाय. तो छापायला गेला तर ती पुण्याला जाणार, मी तसा शब्द दिलाय. न्हाय गेला, तर मग जूनपासून तुमच्याकडं. येत्या गुरुवारी तिची मीटिंग हाय, तवा काय ते कळंल."

"गुरुवारी चहाला येतो मग," सचिव म्हणाले.

माझं आयुष्य त्या तुरीशेजारी असं दोन वाक्यांत मांडलेलं मी ऐकलं. त्यात चूक काहीच नव्हती. अप्पांनी एकही शब्द वाढवला नव्हता.

दसऱ्यानंतर आई न्हाणीत पडली. सोलापूरला गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आले. पुण्यातल्या एका संस्थेत माझं पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. पंधरा दिवसांचा महिना झाला. आईचे टाके निघाले, ती काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत जाऊ लागली. खाली तुरीचा हंगाम सुरू झाला आणि मी अजून शिलाई मशीनपाशीच होते. जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. संक्रांतीनंतर एकदा जेवताना अप्पांनी नुसतं विचारलं होतं.

"ती दुर्बीण कुठं हाय म्हणालीस, माय?"

"अवकाशात, अप्पा. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर."

"आन तिचे फोटो?"

"इंटरनेटवर येतात. परवानगी असली की उतरवून घ्यायचे."

अप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मग पुण्यात काय हाय?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण तोंडापर्यंत आलं नाही. हे माझं जुनं आहे. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी शब्द आला की आत्या माझी नक्कल करायची. त्यात शेजारपाजारी कानडी. मला तिन्ही भाषा समजतात. तिन्हींत गप्प बसता येतं, हेही मी लवकर शिकले. दुर्बिणीला कुठं जावं लागत नाही, म्हणून मलाही कुठं जायला नको, असं त्या दिवसापासून घरात ठरून गेलं. इथून होतंय की, असं सगळे म्हणू लागले. आई म्हणायची, अप्पा म्हणायचे, दूधवालीही म्हणायची.

मी काय बघते ते आईला मात्र थोडं कळलं होतं, कारण तिने पडल्या पडल्या विचारलं होतं आणि तिच्याशी बोलायला मला त्रास होत नाही. लाखो म्हातारे तारे एकमेकांना धरून एक गोळा करून राहतात. त्याला गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेच्या आसपास माहीत आहेत. मोठ्या दीर्घिकांभोवती, म्हणजे आपल्याहून मोठ्या अशाच आकाशगंगांभोवती, हजारो असतात. मी ज्या बघते त्या दीर्घिका इतक्या लांब आहेत की त्यांचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालून येतो. शेकडो दीर्घिकांचा तो एक समूह आहे, आणि तिथला एक अख्खा तारकागुच्छ फोटोत फक्त एक ठिपका दिसतो. आधी दीर्घिकांचा दाट उजेड गणिताने काढून टाकायचा, मग मागे उरलेले ठिपके शोधायचे, त्यांचा रंग आणि तेज बघायचं, आणि कुठला ठिपका खरा गुच्छ असू शकतो ते ठरवायचं.

"आन काही ठिपके दिसलेच न्हाईत तर?" आईने विचारलं होतं.

तिला माहीत नव्हतं, पण हाच आमच्या कामातला खरा प्रश्न आहे. मंद ठिपके निसटतात. किती निसटले ते कळायला आपण स्वतःच फोटोत खोटे ठिपके टाकतो. खऱ्या गुच्छासारखा रंग, तसंच तेज. मग काहीच माहीत नसल्यासारखं परत शोधायचं. शंभर टाकले आणि ऐंशी सापडले, तर खऱ्यांतलेही तेवढ्याच प्रमाणात निसटत असणार. आई म्हणाली, स्वतःच लपवायचं आणि स्वतःच हुडकायचं, लहानपणी एकटीच खेळायचीस तसं. मी म्हटलं, नाही, पुण्यात तसं करत नाहीत. तिथे रीत अशी की ठिपके टाकणारा एक आणि मोजणारा दुसरा. टाकणारा आपली फाइल बंद करतो आणि शेजारच्या टेबलावरच्याला मोजायला देतो.

घरी शेजारचं टेबल नव्हतं. दोन्ही मीच करत होते. हे मी आईला सांगितलं तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जानेवारीत माझ्या ठिपक्यांत एक गोष्ट दिसली. समूहाच्या मध्यभागी दोन मोठ्या दीर्घिका आहेत आणि त्यांच्यामधल्या काळ्या जागेत ठिपक्यांचा एक पट्टा होता. एका दीर्घिकेपासून दुसरीपर्यंत, पुलासारखा. तसं असेल तर त्या दोघी कधीतरी एकमेकींजवळून गेल्या आणि जाताना एकीचे गुच्छ ओढले जाऊन मध्येच राहिले, असा अर्थ निघतो. कुठल्याच दीर्घिकेचे नसलेले, मधल्या मोकळ्या जागेत फिरणारे गुच्छ. मला ते फार आवडले होते. मला त्यांचा हेवाही वाटायचा, हे लिहायला आता हरकत नाही.

आमच्या गटातल्या सीनियर ताईने लगेच त्याची आकृती केली. "घरी बसून पूल बांधलास की गं," असं तिने मला लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी अप्पांना फोन केला. काम चांगलं झालंय, निबंध पाठवला की तिला इथं यावं लागेल, पुढचं दीड वर्ष प्रबंधाचं आहे, असं ते म्हणाले. अप्पा फोनवर उभे राहूनच बोलले. शेवटी म्हणाले, "निबंध गेला तर पाठवतो सर. शब्द हाय माझा." अप्पांचा शब्द म्हणजे काय ते सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. त्या दिवशी मी कपाटावरची बॅग काढून पुसली आणि परत वर ठेवली.

सचिव येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी दुकानासमोर रांगोळी काढत होते. आईला वाकता येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे. ती खुर्चीत बसून देखरेख करते. मला रस्त्यावर बसून काढायला लाज वाटते, त्यामुळे मी घाई करते आणि ठिपके वेडेवाकडे पडतात.

"बोटं ठेव की मधी," आई म्हणाली. "दोन बोटं. अंदाजानं टाकू नको."

मी दोन बोटं टेकवून ठिपके टाकत गेले. तेवढ्यात हमालाच्या पाठीवरचं पोतं कोपऱ्यात फाटलं आणि तूर पायरीवर, रांगोळीच्या कडेला सांडली. हमाल माझ्याकडं बघून म्हणाला, "घ्या ताई, तुमच्यासाठी आनखी ठिपके." अप्पा खेकसले. मी सुपात तूर भरू लागले. कुठं चार दाणे एकमेकांना चिकटून, कुठं एकावर एक, मध्येच वीतभर फरशी रिकामी. शेजारी माझे पांढरे ठिपके, सगळे दोन बोटांवर.

त्या क्षणी काही कळलं नाही. वर जाऊन आकृतीखालचा मजकूर लिहायला बसले, तेव्हा कळलं.

पुलातले ठिपके तुरीसारखे नव्हते. समूहातल्या बाकीच्या जागी दोन-दोन, तीन-तीन ठिपके जवळजवळ होते, मध्येच मोकळी जागा होती. पुलात मात्र एकही ठिपका दुसऱ्याला चिकटलेला नव्हता. रांगेत नव्हते ते, पण अंतर राखून होते. मी प्रत्येक ठिपक्याचं त्याच्या सर्वांत जवळच्या ठिपक्यापासूनचं अंतर काढलं. एका ठरावीक आकड्याच्या खाली एकही जोडी गेली नाही. तो आकडा मला पाठ होता. खोटे ठिपके एकमेकांवर पडू नयेत म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये मीच तो घातला होता.

पुढचं शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आईचा गुडघा दाखवायला सोलापूरला जायचं होतं त्या दुपारी, रिक्षा दारात उभी असताना, मी शेवटची मोजणी लावली होती. दोन फायली शेजारी शेजारी होत्या, एक मूळ फोटोची आणि एक खोटे ठिपके टाकलेली. दोन दीर्घिकांमधल्या जागेत मंद ठिपके किती निसटतात ते बघायचं होतं, म्हणून बहुतेक खोटे ठिपके मी तिथेच टाकले होते. खरी मोजणी म्हणून मी दुसरी फाइल उचलली होती. तो पूल माझ्याच हातचा होता.

मी लॅपटॉप मिटला आणि आईच्या पायाला तेल लावायला गेले.

त्यानंतरचे पाच दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या दिवसांत मी काय विचार केला ते सोयीचं करून लिहायचं नाही, असं ठरवलं आहे. मी असा विचार केला की हे कुणाला कळणार नाही. कळलं तरी दुसऱ्या कुणीतरी तोच फोटो पुन्हा मोजल्यावर, म्हणजे वर्ष-दीड वर्षाने कळेल, आणि तोवर मी पुण्यात असेन. पुढे मी असंही ठरवून पाहिलं की मला शनिवारी काही दिसलंच नव्हतं. सरांना लिहिलेला मेल मी सहा-सात वेळा पुसला. प्रत्येक मेल इंग्रजीत छान उतरायचा. कर्मणी प्रयोगात. फाइल निवडली गेली, ठिपके मोजले गेले. कुणी, ते त्यात कुठंच नसायचं.

घर मात्र माझ्या जाण्याच्या तयारीला लागलं होतं. आईने खुर्चीत बसून शेंगदाण्याची चटणी कुटून घेतली आणि दोन बरण्या भरल्या. शेजारच्या काकू आल्या तेव्हा ती त्यांना कानडीत म्हणाली, "होगताळ." जाणार ती. माझ्यासमोर काही लपवायचं असलं की ती कानडीत बोलते, मला येतं हे माहीत असूनही. त्या एका शब्दात तिला वाईट वाटत होतं आणि अभिमानही होता. मी बरण्यांची झाकणं घट्ट लावली. बुधवारी अप्पांनी पुण्याच्या एसटीची वेळ विचारून ठेवली.

खरं सांगायचं तर शाळा, पाच मिनिटांचं अंतर, तो फळा, यातलं काहीच वाईट नव्हतं. मला त्याची भीती वाटत होती कारण ते इतकं सोपं होतं. एकदा आत गेले असते तर कुणी मला पुन्हा कधी काही विचारलं नसतं. आणि मी आपण होऊन काही बोलणारी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

गुरुवारी चारला मीटिंग होती. पावणेचारला सचिव आले. आईने मला चहा घेऊन खाली पाठवलं. सचिवांनी कप घेतला आणि म्हणाले, "काय मॅडम, आकाशात का आमच्या वर्गात?" मी हसल्यासारखं केलं. अप्पा स्टीलच्या ताटलीत तुरीचा नमुना पसरून त्यातले किडके दाणे बाजूला काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण म्हणाले, "जा माय, तुझी वेळ झाली."

स्क्रीनवर सर, ताई आणि गटातले आणखी दोघं होते. माझा चौकोन नेहमीसारखा काळा. ताईने आकृती दाखवली. पूल सुंदर दिसत होता. तिने त्याच्याभोवती एक बारीक तुटक रेघ काढली होती. सर म्हणाले, उद्या सकाळी पाठवून देऊ. मग माझं नाव घेऊन त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुझ्याकडून सगळं ठीक?

मी नेहमीचं टाइप केलं. येस सर. पाठवायचं बटण बोटाखाली होतं. खाली अप्पा सचिवांना सांगत होते, "झालं की येईल ती खाली. तोंडावरच कळंल."

मी ते पुसलं आणि माइक चालू केला. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य होतं, ते कुठं गेलं कोण जाणे. जे बाहेर आलं ते मराठीत आलं, आणि फार मोठ्याने.

"सर, तो पूल नाहीये. ते ठिपके मी टाकलेले आहेत."

स्क्रीनवर कुणी हललं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग सरांनी चष्मा काढला आणि तेही मराठीत आले.

"खोटे म्हणजे? तपासणीसाठीचे?"

"हो सर. मी चुकीची फाइल मोजली. शनिवारी कळलं मला. पाच दिवस सांगितलं नाही."

"टाकले कुणी होते?"

"मीच."

"आणि मोजले?"

"मीच, सर."

खाली ताटलीत दाणे सरकवण्याचा आवाज थांबला होता. ताईने आकृती स्क्रीनवरून काढली. माझ्यासाठी तिला वाईट वाटलं असावं, तिने मान खाली घातली. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग शांतपणे म्हणाले की उद्या काही पाठवायचं नाही, सगळं पुन्हा मोजावं लागेल, पूल गेला तर उरलेल्याचं काय होतं ते बघू, पण बोललीस ते बरं केलंस. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. पुढे ते म्हणाले, घरी आईचं आहे तुझ्या, घाई करू नकोस, निवांत तिथूनच कर.

तिथूनच कर. अप्पांचंच वाक्य, आता सरांच्या तोंडून, आणि तितक्याच मायेने.

जिन्याच्या तळाशी पावलं वाजली. मी मान वळवली. अप्पा पहिल्या पायरीवर उभे होते, हातात तुरीची ताटली तशीच. निबंध जात नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्यामागे सचिव कप धरून उभे होते. अप्पांनी मला कधी अडवलं नव्हतं, आणि जेवताना विचारलेला त्यांचा प्रश्न अजून तिथंच होता. पुण्यात काय आहे. त्याचं उत्तर मला शनिवारपासून माहीत होतं.

माइक चालूच होता. बोलायला सुरुवात केली तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते. वाक्य संपलं तेव्हा अप्पांकडे.

"नाही सर, इथून होत नाही. टाकणारी मीच, मोजणारी मीच, आणि शेजारी बघायला कुणी न्हाय. मला तिथं यायचंय."